शिंगांचा रंग

आजोबांच्या काळापासून आमच्या ओसरीवर टांगलेली सांबराची शिंगे उन्हाने पांढरीफटक पडली होती. सुटीत मी त्यांवर पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे पाणी फिरविले. वाळताच ते तपकिरी झाले. टोके तेवढी घासून उजळ ठेविली. हे हाड मूळचे पांढरेच. सांबर झाडांवर शिंगे घासते तेव्हा सालीचा रस खाचांत मुरतो, टोके मात्र झिजून उजळ राहतात.

"बाबा, ही गळून पडलेली ना?" मुलीने कोकणीत विचारले. सांबराची शिंगे गळतात व पुन्हा उगवतात, हे मीच तिला शिकविले होते. मी शिंगे उलटी केली. बुडाशी कवटीचे हाड होते. गळलेल्या शिंगास ते नसते. "नाही," मी म्हणालो, "मारून आणलेली."

ती शिंगे पुन्हा ओसरीवर टांगण्यास माझे मन धजले नाही.