धूर कुठं गेला?

बकरी ईदनंतरच्या रविवारी टेक्सासहून चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला. मागच्या अंगणात उभा राहून तो मला नवी शेगडी दाखवत होता. शेगडी कसली, झाकणाचं पिंपच ते. बाजूच्या डब्यात लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या बोटभर जाडीच्याही नसलेल्या कांड्या ओतायच्या आणि तापमानाचा आकडा लावायचा. आतला स्क्रू लागतील तेवढ्याच कांड्या आगीत ढकलतो, पंखा आग फुलवतो. तिकडे याला पेलेट ग्रिल म्हणतात.

"सगळं झकास आहे भाई, पण कबाबला धुराचा वासच येत नाही. ओव्हनमधून काढल्यासारखे लागतात. बडी अम्मी काय करायची, विचार ना जरा."

अम्मी शेजारीच बसली होती. म्हणाली, "आमचा सगळा जन्म गेला धूर पुसण्यात. आणि ह्याला पैसे देऊन धूर पाहिजे?" हसली, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. फोन मी बाजूला ठेवला.

अम्मीनं सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी तीसेक वर्षं चुलीवर रांधलं. जळण मिळेल ते: बाभळीचं लाकूड, गोवऱ्या, तुराट्या. पावसाळ्यात सगळं ओलं, मग फुंकणीनं फुंकत बसायचं. आम्ही पोरं अंगणात, अब्बा ओट्यावर, धुरात ती एकटी. वारज्याला आमच्याकडे राहायला आल्यावर दम लागतोय म्हणून तपासण्या केल्या, तर सीओपीडी निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, विडी वगैरे ओढायचा का?" तिला इतकी लाज वाटली की घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही.

नंतर मला कळलं की हा प्रश्न आपल्या पुण्यातच बदलला गेलाय. इथले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. तंबाखू ओढणारे जगात साधारण 100 कोटी, तर लाकूड-शेणीच्या धुराशी रोजचा संबंध असणारे 300 कोटी. म्हणजे या रोगाचं सगळ्यात मोठं कारण चूलच असू शकेल, असं त्यांचं म्हणणं. अम्मीला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग त्या डॉक्टरला सांग की."

तर भावाचा धूर गेला कुठं? मी भाषेचा मास्तर, म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं. त्यांनी फळ्यावर आकृती काढूनच समजावलं. लाकूड तापलं की त्यातून वायू आणि बारीक थेंब सुटतात. त्यांना भरपूर हवा आणि भरपूर उष्णता मिळाली की ते जळून जातात, धूर उरत नाही. हवा किंवा उष्णता कमी पडली की अर्धवट जळलेलं बाहेर येतं, तो धूर. कबाबला जो वास लागतो तो त्यातल्या गुआयाकॉलसारख्या द्रव्यांचा, लाकडातल्या लिग्निनमधून सुटलेल्या. म्हणजे ज्या अर्धवट जळण्यानं चव येते, अम्मीची छाती त्यानंच गेली. बाई हे सहज बोलून गेल्या. मी मात्र स्टाफरूममध्ये बराच वेळ खडू हातात धरून बसलो होतो.

भावाचं यंत्र मुळात धूर होऊ नये अशाच तत्त्वावर चालतं. गंमत म्हणजे आपल्याकडे ते स्वयंपाकघरासाठी आधीच येऊन गेलंय. 2006 च्या सुमारास 'ऊर्जा' नावाची शेगडी महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत विकली जायची. शेतातल्या टाकाऊ मालाच्या कांड्या, खाली बॅटरीवरचा छोटा पंखा. बीपी कंपनी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं ती मिळून केली होती, पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीनं ते काम घेतलं. तिकडे हौसेच्या कबाबाला पंखा लावला, इकडे बायकांच्या छातीसाठी लावला. आमच्या वारज्याला लागूनच असलेल्या हिंगण्यात ज्या महर्षी कर्व्यांनी बायकांसाठी आश्रम चालवला, त्यांचे नातू डॉ. आनंद कर्वे. त्यांच्या 'आरती' संस्थेनं उसाच्या पाचटाचा कोळसा केला, त्याला 2002 चं ॲशडेन पारितोषिक मिळालं. धूर सगळा कोळसा बनतानाच निघून जातो, घरात जळताना तो जवळजवळ येत नाही. आपण धुंगारात कोळशावर तूप सोडतो ते याचसाठी. कोळशात धूर उरलेलाच नसतो, तो तुपाचा करावा लागतो. शेगडीवरच्या सीख कबाबचंही तेच, चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडतात, त्याची चव असते ती.

मग भावाला कळवलं. यंत्र सुरुवातीला 107 अंशांच्या आसपास मंद ठेव, मोठ्या आचेवर धूर जळून जातो. कबाब फ्रीजमधून काढून थेट आत ठेव, थंड ओलसर अंगावर धूर जास्त बसतो. कांड्या जाळीच्या नळीत भरून एका टोकाला पेटव, ज्वाला विझव आणि नुसत्या धुमसू दे. आणि हे सगळं नको असेल तर बडी अम्मीचं ऐक: खिमा कच्चा असतानाच धुंगार दे.

आमच्या फ्लॅटमध्ये हेच चालतं. सोसायटीच्या गच्चीवर शेगडी पेटवायला परवानगी नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती मागायचीही नाही. खालच्या इस्त्रीवाल्याकडून दोन कोळसे आणतो, त्याचे पैसे तो कधी घेत नाही. गॅसवर जाळी ठेवून कोळसा पांढरी राख धरेपर्यंत लाल करायचा, काळा राहिला तर कडू वास येतो. पपई, आलं-लसूण लावून मुरलेल्या खिम्यात मधोमध छोटी वाटी, तिच्यात कोळसा, वर दोन लवंगा आणि चमचाभर तूप. चर्र झालं की लगेच झाकण. खिम्यातली चरबी वास धरून ठेवते. खिडक्या उघड्या ठेवायच्या, निखाऱ्याचा वायू बंद घरात जीवघेणा.

या ईदला अम्मीला आधी आतल्या खोलीत बसवलं, दार लावलं, दाराच्या फटीत ओली चादर कोंबली. पातेलं बाल्कनीत नेलं आणि हायवेकडे तोंड करून झाकण उघडलं. धूर बायपासच्या ट्रकांकडे निघून गेला. मग कबाब तव्यावर भाजले आणि पहिला तिच्यासमोर ठेवला.

तिनं आधी वास घेतला, मग तुकडा मोडला.

"किती वेळ झाकलं होतंस?"

"सात मिनिटं."

"पाच. आणि दार उघड आता, गुदमरतंय इथं."