कुकर असा उघडतात का?

मैत्रिणींनो, कुकरची रिंग कडक झाली की कडेनं वाफ जाते, हे तुम्हाला मी काय सांगणार! पण मोटारीच्या पोटातही रबरी नळ्या असतात नि त्याही अशाच म्हाताऱ्या होतात, हे मला वयाच्या ५८ व्या वर्षी कळलं. तेही भर रस्त्यात!

आमच्याकडे १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. ह्यांची फार लाडकी. हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, "विकून टाका." मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या. मी मात्र हट्टानं गाडी ठेवली. ठेवली म्हणजे काय, तर रोज पुसली! रेडिएटरमधलं पाणी कमी झालं की बोअरिंगचं ओतायचं, झालं.

मागच्या मे महिन्यात मी नि ८२ वर्षांच्या सासूबाई जळगावहून धुळ्याला नणंदेकडे निघालो. एरंडोल मागे पडलं. पारोळ्याच्या अलीकडे बॉनेटमधून भसकन वाफ आली. वरची नळी टोकाशी फाटली होती. मी पदर हाताला गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला धावले.

"थांब वं माय!" सासूबाई ओरडल्या. "कुकर असा उघडतात का?"

हात जागीच थांबला. खरंच की! ते झाकणही आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी १०० अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं असतं, तर ते उकळून थेट तोंडावर आलं असतं.

तासभर लिंबाखाली बसलो. सासूबाईंचा चेहरा उन्हानं लालबुंद झाला होता. माझ्या हट्टापायी ह्यांना काही झालं तर, या विचारानं पोटात गोळा आला. शेवटी एका ट्रकवाल्या भाऊंनी फाटलेलं टोक कापून नळी पुन्हा बसवली. इंजिन गार झाल्यावरच पाणी भरलं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर ते तडकू शकतं, बरं का!

घरी आल्यावर दोन्ही नळ्या मीच बदलल्या. गाडी पूर्ण गार असताना खाली घमेलं ठेवून खालची नळी सोडली. चहासारखं गंजकं पाणी निघालं! जुनी नळी चिकटली असेल तर ओढू नका, ब्लेडनं उभी चिरा, म्हणजे रेडिएटरचं तोंड दुखावत नाही. नमुन्याला जुनी नळी दुकानात न्या. क्लिपा घट्ट बसवा, पण रबर कापेल इतक्या नको. मग अर्धं कूलंट नि अर्धं डिस्टिल्ड पाणी भरा. बोअरिंगच्या पाण्याचा क्षार कुकरच्या तळाला बसतो, तसाच रेडिएटरमध्येही बसतो. झाकण उघडंच ठेवून गार इंजिन सुरू करा. बुडबुडे निघून पातळी उतरली की आणखी भरा. कूलंट गोडसर पण विषारी असतं, तेव्हा सांडलेलं लगेच पुसा. मुलं, मांजरं, कुत्री यांना जपा.

आता महिन्यातून एकदा गार गाडीच्या नळ्या हातानं दाबून बघते. फुगल्या, चिरल्या, कडक झाल्या की बदलायच्या. माणसाची आठवण नुसती पुसून टिकत नाही, तिला हात लावावा लागतो.

दिवाळीत पुन्हा धुळ्याला गेलो. पारोळा आलं तशा सासूबाई मागून म्हणाल्या, "शिट्टी नाही ना झाली?"