कारळे आणि गोल्डफिंच

कारळ्याचा दाणा काळा, तुकतुकीत, लांबट. चिमटीत धरायला गेलं की निसटतो. नाशिककडच्या डोंगराळ भागात, पेठ-सुरगाण्याच्या वरकस जमिनीवर नागली-वरईच्या जोडीने तो पिकतो. तिकडे त्याला खुरासणी म्हणतात. पावसाळा सरत आला की ही शेतं पिवळ्या फुलांनी भरून जातात. माझ्या लेखी मात्र कारळे म्हणजे आधी चटणी. खमंग भाजून, लसूण-तिखट-मिठाबरोबर खलबत्त्यात कुटलेली, भाकरीवर कच्चं तेल घालून खाल्लेली.

न्यू जर्सीत हेच कारळे पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात पिशव्या भरभरून मिळतात, याचं अप्रूप मला अजून ओसरलेलं नाही. भारतातून, इथिओपियातून ते येतात आणि त्यांचं सर्वांत लाडकं गिऱ्हाईक म्हणजे एक चिमुकला पक्षी, अमेरिकन गोल्डफिंच. १९३५ पासून हा न्यू जर्सीचा राज्यपक्षी. थंडीत मळकट, हिरवट दिसणारा नर वसंतात पिसं बदलतो, कपाळावर काळी टोपी चढवतो आणि अंगभर थेट कारळ्याच्या फुलासारखा पिवळा होतो.

इथे विकायला येण्याआधी हा दाणा तापवावा लागतो, १२० अंश सेल्सिअसला १५ मिनिटं. कारळ्यात अमरवेलीचं बी मिसळलेलं असू शकतं. ते इथल्या शेतांत रुजू नये म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याचा हा नियम आहे. दाण्याची उगवायची ताकद जाते, तेल राहतं. पक्ष्याला हवं असतं ते तेलच.

म्हणून दुकानात मी तेल बघते. दाणा नखाने चिरडला की नखावर ओलसर लकाकी उमटली पाहिजे. नुसता कोरडा भुगा झाला तर माल जुना आहे, आणि गोल्डफिंच जुन्या मालाकडे फिरकत नाही. मोठी पिशवी स्वस्त पडते, पण इथल्या उन्हाळ्याच्या दमट हवेत कारळे लवकर खवट होतात. लहानच घ्यावी.

स्वस्त मिश्रणं मी घेत नाही. पिशवीवर लालभडक कार्डिनलचं चित्र आणि आत भर लाल ज्वारीची. इकडे पूर्वेला बहुतेक पक्षी ती चोचीने उडवून टाकतात. ती फीडरखाली साचते, भिजते, बुरशी धरते, उंदरांना बोलावते. ज्वारीवर वाढलेल्या माणसाला तिची ही नासाडी बघवत नाही. कार्डिनलला पातळ सालीची काळी सूर्यफुलाची बी द्यावी, आणि ऐसपैस बसता येईल अशी रुंद कडेची पेटी. चिकडीला बसकण मारायची नसतेच. एक बी उचलते, फांदीवर नेते, पायांत धरून ठोकून फोडते.

कारळ्याचा फीडर मात्र वेगळाच. उंच नळी, तिला अगदी बारीक चिरा. एकेक दाणाच बाहेर येईल एवढ्या. गोल्डफिंचची चोच अणकुचीदार, ती चिरेत सहज शिरते. उलटं लटकूनही तो निवांत खातो. नळी विकत घेताना मी एकच पाहते, बूड निघतं का. बूड निघालं तरच ती आतून धुता येते, आणि ओल्या दाण्यांचा गठ्ठा आत राहिला तर पक्षी आजारी पडतात. टांगायची ती खिडकीच्या काचेपासून हातभरावर, नाहीतर चांगली लांब. मधल्या अंतरावरून दचकून उडालेला पक्षी पूर्ण वेगाने काचेवर आदळतो.

या पक्ष्याची एक गोष्ट मला फार भावते. बाकीच्यांची पिल्लं उडायला लागतात तेव्हा, ऐन जुलैच्या सुमारास, हा घरटं बांधायला घेतो. काटेरी थिसलला बोंडं धरेपर्यंत थांबतो, कारण घरट्याला म्हातारीसारखा कापूस हवा आणि पिल्लांना बिया हव्यात. इतर दाणेखाऊ पक्षीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडे भरवतात. हा जवळजवळ निव्वळ बियांवर वाढवतो. काउबर्ड दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. पण गोल्डफिंचच्या घरट्यात त्याचं पिल्लू या आहारावर तगत नाही.

हे कळल्यापासून मी कुंपणालगत एकिनेशिया आणि सूर्यफुलं लावते. सप्टेंबरात ती सुकून काळी पडतात, शेजारी छाटायची कात्री देऊ करतात. मी छाटत नाही. बोंडांतल्या बिया संपेपर्यंत गोल्डफिंच तिथेच असतात, आणि तोवर कारळ्याची नळी निम्मीच भरली तरी चालतं.