हाडातलं दुखणं

आमच्या चाचांनी हे दुखणं अकरा वर्षं पायात वागवलं. अपघातात नडगी मोडली, सळई घातली, हाड जुळलं. पण पुढे नडगीवर एक बारीक तोंड पडलं. पू वाहायचा, गोळ्या घेतल्या की खपली धरायची आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा फुटायची. चाचा शिलाई मशीन पायाने चालवणारे. पाय बसला की घर बसायचं.

शेवटी एका हाडांच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. संसर्गामुळे हाडाच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो तुकडा मरतो. औषध रक्तावाटे पोचतं. जिथे रक्तच जात नाही तिथे गोळी काय करणार? शिवाय जंतू मेलेल्या हाडावर आणि सळईवर चिकट थर धरून बसतात. खपली धरली म्हणजे आतलं बरं झालं असं नव्हे.

चाचींनी हलकेच विचारलं, "पाँव काटना पडेंगा क्या, डॉक्टरसाब?"

"आधी जंतू कोणता ते पाहू," ते म्हणाले.

एक्स-रे, स्कॅन, रक्ताच्या तपासण्या झाल्या. वरवरचा पू तपासून भागत नाही. कातडीवरचे जंतू वेगळे असू शकतात. चाचांना ताप नव्हता, म्हणून दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवलं. मग ऑपरेशनमध्ये खोल हाडाचे पाच नमुने घेतले. क्षयाचे जंतूही पाहिले. अशा जुनाट जखमेत क्वचित कर्करोग होतो, म्हणून तिच्या काठाचाही तुकडा तपासला.

सळई काढली, रक्ताळलेलं जिवंत हाड दिसेपर्यंत मेलेलं हाड खरवडलं, पोकळीत अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचे मणी ठेवले. नंतर सहा आठवडे औषध. शिरेतून दिलेलंच औषध खरं, असा आमचा समज होता. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'ओव्हिवा' चाचणीत, हाडा-सांध्यांच्या संसर्गाच्या १०५४ रुग्णांमध्ये, पहिल्या सहा आठवड्यांत तोंडी औषध शिरेतल्या औषधापेक्षा कमी पडलं नव्हतं. चाचांनाही काही दिवसांनी कल्चर पाहून निवडलेल्या गोळ्याच दिल्या. बिडी मात्र सोडायला लावली; तिच्यामुळे हाड भरायला उशीर होतो.

पाय वाचला. डॉक्टर अजून "बरा झाला" म्हणत नाहीत, "शांत आहे" म्हणतात, कारण हे दुखणं वर्षांनीही उलटतं. तुमच्या घरात कुणाची जुनी जखम अशी मिटून पुन्हा फुटत असेल, तर नवं मलम शोधण्याआधी हाड तपासून घ्या.