किल्ल्याचं दार आणि खेळाचं कुलूप

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजण मालवणला येऊन गेलेत? आला असाल तर धक्क्यावर उभं राहून समुद्रात ठाण मांडून बसलेला सिंधुदुर्ग नक्की पाहिला असेल. आला नसाल तर आज माझ्याबरोबर चला. पण आधीच सांगते, आपली ही सहल धक्क्यावरून सुरू होत नाही. ती सुरू होते आमच्या घराच्या ओटीवर, एका न उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या खेळापासून!

त्याचं असं झालं. मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आला. आठवीत गेलेला. कुडाळ स्टेशनावर उतरला तेव्हा कपड्यांची पिशवी लहान आणि लॅपटॉपची बॅग मोठी! वाढदिवसाचे आणि वर्षभर साठवलेले पैसे घालून त्याने एक खेळ विकत घेतला होता. पुण्यातच तो लॅपटॉपवर उतरवून घेतला होता. आता मालवणात आजीकडे निवांत बसून खेळायचं, असा बेत.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी वळीव कोसळला. विजा काय, वारा काय! अंगणभर माडाच्या झावळ्या. गेलेले दिवे रात्री आले, पण नेट काही आलं नाही. भाच्याने लॅपटॉप उघडला आणि खेळाच्या चित्रावर टिचकी मारली. पडद्यावर खेळ आलाच नाही. आली एक चौकट. आधी नेट जोडा, तुमचं नाव तपासू, मग खेळ सुरू होईल! त्याने बंद केलं, पुन्हा चालू केलं, घरभर फोन फिरवला, चिंचेखाली जाऊन उभा राहिला. चौकट काही हलेना.

"नेट गेला तर जावंदे, तू आंबो खा," आजी म्हणाली. पण त्याचा चेहरा पडला तो पडलाच.

रात्री जेवताना तो एकदम म्हणाला, "आत्या, माझ्या वर्गातल्या एकाने हाच खेळ फुकट घेतलाय. कुलूप तोडलेला. त्याला नेट लागत नाही, काही लागत नाही. मी पैसे दिले आणि मीच बाहेर! मग पैसे देणारा मूर्खच ना?"

प्रश्न साधा नव्हता. रोज वर्गात "खरं वागावं" असं सांगणाऱ्या माझ्यासारख्या बाईलाही पटकन उत्तर सुचेना. मी म्हटलं, "उद्या सकाळी किल्ल्यावर जाऊ. तिथे बोलू."

सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. पावसाळ्यात किल्ल्याला जाणाऱ्या होड्या बंद असतात, म्हणून मे महिन्यातली ही शेवटची संधी. आम्ही होडीत बसलो. निम्मं अंतर गेल्यावर होडीवाल्या काकांनी भाच्याला विचारलं, "काय रे, तुका दरवाजो दिसता काय?"

त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. समोर काळा तट, बुरूज, पुन्हा तट. दार कुठेच नाही!

काका हसले. "लांबसून कोणाकच दिसणा नाय. जवळ गेल्यार गावतलो."

आणि तसंच झालं. होडी अगदी जवळ गेली तेव्हा दोन बुरुजांच्या मध्ये एक वळण दिसलं. त्या वळणात आत शिरल्यावर दरवाजा! शत्रूच्या जहाजाला समुद्रातून दार दिसू नये आणि त्यावर तोफ डागता येऊ नये, म्हणून ही युक्ती.

छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर हा किल्ला बांधायला घेतला तो २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. आधी किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली. तो खडक आजही आहे. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षं काम चाललं. पायाचे दगड शिसं ओतून बसवले. जवळपास ४८ एकरांचा पसारा आणि तीनेक किलोमीटरचा नागमोडी तट. सगळीकडे खारं पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिरही आत आहे. आम्ही तिथे दर्शन घेतलं आणि तटावर सावली बघून बसलो.

"आता सांग," मी म्हटलं, "हे दार कुणापासून लपवलं होतं?"

"शत्रूपासून."

"आणि आतल्या शिबंदीला ते सापडत होतं की नाही?"

"सापडणारच! त्यांचाच किल्ला."

"झालं तर मग. कुलूप वाईट नसतं. कुलूप कुणाला अडवतं ते बघायचं असतं."

मग मी त्याला माझ्या लहानपणची गोष्ट सांगितली. मी शाळेत होते तेव्हा आमच्या ओळखीत एकांकडे कॉम्प्युटर होता. त्यावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ. राजपुत्र धावतो, कड्याला लोंबकळतो, तलवार चालवतो. आम्ही पाचसहा मुलं आळीपाळीने खेळायचो. पहिली पातळी पार केली की एका दालनात औषधाच्या बाटल्या आणि त्यांच्याजवळ अक्षरं. वर सूचना अशी की खेळासोबतच्या पुस्तिकेचं अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द बघा. त्याचं पहिलं अक्षर जिथे असेल ती बाटली प्या. चुकीची प्यायली की राजपुत्र मेला!

आमच्याकडे पुस्तिका कुठली असायला? फ्लॉपी कुणीतरी कुणाकडून उतरवून आणलेली. आम्ही अंदाजाने बाटल्या प्यायचो आणि राजपुत्राला मारायचो. पुढे कळलं की तेच त्या खेळाचं कुलूप होतं. विकत घेणाऱ्याकडे पुस्तिका असायची, नक्कल करणाऱ्याकडे नसायची.

तेव्हा आणखीही गमतीदार कुलपं होती. १९९० साली आलेल्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या खेळाबरोबर पुठ्ठ्याच्या दोन चकत्या मिळायच्या, एकमेकींवर फिरणाऱ्या. पडद्यावर एका चाच्याचा चेहरा दिसे. चकत्या फिरवून अर्धं तोंड वरचं आणि अर्धं खालचं असा तोच चेहरा जुळवायचा, की खिडकीत एक साल दिसे. ते लिहिलं की खेळ सुरू!

"मग तुम्ही चोरच की, आत्या!" भाचा म्हणाला.

मी ओशाळले. पण खोटं कशाला बोलू? तेव्हा आम्हाला कळत नव्हतं, एवढंच. हा 'प्रिन्स' जॉर्डन मेक्नर नावाच्या अमेरिकन तरुणाने रचला. चारेक वर्षं खपून. राजपुत्राची उडी खरी वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उडी मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र बनवलं. १९८९ साली खेळ बाजारात आला. अशा मेहनतीची फुकट नक्कल झाली तर बनवणाऱ्याने खायचं काय? म्हणून खेळाला कुलूप हवं, हे मला मान्य आहे.

मग बिघडलं कुठे? पुस्तिका तुमच्या घरात असायची. एकदा घेतली की ती तुमची. पुढे कुलूप घरातून निघालं आणि दूर कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसलं. २००३ साली व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने 'स्टीम' सुरू केलं. २००४ साली त्यांचा 'हाफ-लाइफ २' आला, तेव्हा दुकानातून डबा आणि तबकडी विकत आणणाऱ्यालाही आधी स्टीमवर नाव नोंदवावं लागलं. यालाच म्हणतात लाँचर. म्हणजे खेळाच्या दाराशी बसलेला पहारेकरी. तुम्ही आलात की तो नेटवरून मालकाला विचारतो, "याने पैसे दिलेत ना?" हो आलं की दार उघडतो. नंतर इतर मोठ्या कंपन्यांनीही आपापले पहारेकरी बसवले.

पहारेकऱ्याचे फायदेही आहेत हं! तबकडीवर ओरखडा पडून खेळ वाया जात नाही. नवा कॉम्प्युटर घेतला की जुना खेळ पुन्हा उतरवता येतो. चुका आपोआप दुरुस्त होतात. पण मालकाशी बोलणंच तुटलं तर? काल आमच्या ओटीवर तेच झालं.

आणि हे फक्त मालवणातच होतं असं नाही. २०१३ च्या मार्चमध्ये 'सिमसिटी' हा शहर वसवण्याचा खेळ नव्याने आला. एकट्याने खेळायचं तरी सतत नेट हवंच. पहिल्या काही दिवसांत इतकी गर्दी झाली की कंपनीच्या यंत्रणेला ती झेपेना. पैसे मोजलेले लोक दाराबाहेर! शेवटी कंपनीने त्यांना आणखी एक खेळ फुकट दिला आणि वर्षभराने नेटशिवाय खेळायची सोय केली. 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाचं तर याहून वाईट झालं. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने तो कायमचा बंद केला. ज्यांच्या कपाटात तबकडी होती, त्यांनाही तो खेळता येईना.

"पण असं कसं? विकत घेतलेली वस्तू परत कशी घेतात?" भाचा उठून उभाच राहिला.

मी त्याला तटाकडे बोट दाखवलं. "हा किल्ला इंग्रजांनी १७६५ साली जिंकला. फोर्ट ऑगस्टस असं नावही ठेवलं. पण परवडेना, म्हणून पैसे घेऊन परत दिला. पुढे १८१२ साली तो कायमचा त्यांच्याकडे गेला. कसा, माहीत आहे? कोल्हापूरकरांशी झालेल्या तहात. तोफेने नाही, कागदाने! तूही खेळ घेताना एका कागदावर सही केलीस. 'मान्य आहे' असं बटण होतं ना?"

"ते कोण वाचतं, आत्या?"

तीच तर गोष्ट! त्या लांबलचक मजकुरात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की खेळ तुमचा झालेला नाही, तुम्हाला फक्त खेळायची परवानगी मिळाली आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली यावर कायदा केला. अशी नुसती परवानगी विकत असाल तर तसं ग्राहकाला स्पष्ट सांगा, असा. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची चळवळ उभी राहिली. विकलेला खेळ बंद करताना तो खेळण्याजोगा ठेवा, ही तिची मागणी. जुलै २०२५ पर्यंत त्यांच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, रीतसर घेतलेली प्रत खराब होईल या भीतीने स्वतःपुरती जादा प्रत ठेवायला मुभा आहे. मात्र दुसऱ्याचा हक्क डावलण्यासाठी कुलूप तोडणं हा २०१२ पासून गुन्हा आहे. आणि बिनकुलपाची दुकानंही आहेत बरं का! पोलंडमधलं 'जीओजी' हे दुकान २००८ पासून असे खेळ विकतं. पैसे द्या, उतरवून घ्या, स्वतःजवळ ठेवा.

भरतीच्या आत परतायचं होतं. होडीवाले काका हाका मारू लागले. आम्ही निघालो.

घरी आलो तर देवगडच्या ओळखीच्या बागायतदारांकडून हापूसची पेटी आलेली. बाजारासाठी तयार केलेली, त्यामुळे प्रत्येक आंब्यावर छोटा स्टिकर. देवगडचं नाव सांगून दुसरीकडचेच आंबे खपवतात, म्हणून तिथल्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामापासून हा उपाय काढला. स्टिकरवर क्रमांक असतो. सोलायला गेलं की स्टिकर फाटतो, म्हणजे दुसऱ्या फळावर चिकटवता येत नाही. फोनवरून त्याचा फोटो पाठवला की आंबा खरा की खोटा ते कळतं.

भाच्याने आंबा हातात घेतला, स्टिकर पाहिला आणि खो खो हसत सुटला. "आत्या, हेही कुलूपच! पण आंबा खाताना दर फोडीला देवगडला फोन करावा लागत नाही!"

मुलांनो, मला दिवसभरात जे नीट सांगता आलं नाही ते त्याने एका वाक्यात सांगितलं. पारख करायची ती विकताना करा. विकल्यावर आंबा ज्याचा त्याचा.

राहिला त्याचा रात्रीचा प्रश्न. पैसे देणारा मूर्ख का? मी त्याला सांगितलं, नाही रे. तू बनवणाऱ्याचे कष्ट ओळखलेस, त्यात तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते कुलूप लावणाऱ्याचं, त्याने शिबंदीलाच बाहेर ठेवलं. त्यासाठी आपण चोर व्हायचं नाही. शिवाय कुलूप तोडलेल्या खेळाबरोबर कॉम्प्युटरमध्ये काय काय शिरेल याचा नेम नसतो. आपण करायचं ते एवढंच, की पैसे देण्याआधी विचारायचं. हा खेळ नेटशिवाय चालतो का? कंपनीने उद्या बंद केला तर काय? उत्तर पटलं नाही तर दुसरा घ्यायचा. पालकांनो, खेळासाठी पैसे देताना हे प्रश्न तुम्हीही मुलांबरोबर बसून विचारा.

तिसऱ्या दिवशी नेट आलं. भाच्याने आधी खेळाची ती लांबलचक अटींची पानं उघडली आणि अर्धा तास वाचत बसला. बिननेट खेळायची सोय त्यातच सापडली. नेट असताना ती एकदा चालू करून ठेवायची होती! ती चालू केली, मग नेट बंद करून पाहिलं. खेळ सुरू झाला.

"चालता मां?" आजीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"चालता!" तो ओरडला. आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच मालवणी बोलला!