खणखणीत वीट ओळखायची कशी?

विटांच्या चाचण्या कॉलेजात पाठ झाल्या होत्या. वीट 24 तास पाण्यात ठेवली तर तिने वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, नखाने ओरखडा उठू नये, मीटरभर उंचीवरून टाकली तर फुटू नये. कराडजवळच्या साइटवर रुजू झाले, तर तिथे यातलं कुणी काही विचारेना. विटांची गाडी आली. मिस्त्रींनी दोन विटा उचलून एकमेकींवर वाजवल्या, मग दुसऱ्या दोन. "ह्या खणखणीत, ह्या बद्द. ताई, आता तुम्ही निवडा."

मला सगळ्या सारख्याच ऐकू आल्या. शब्द तर रोजच्या वापरातला. आजीचा आवाज खणखणीत, सभेत दिलेलं उत्तर खणखणीत, षटकारही खणखणीत. पण हातात वीट धरून नेमकं काय ऐकायचं, ते कळेना. त्यात शेजारचे शब्द गोंधळ वाढवतात. आजारातून उठलेला माणूस ठणठणीत होतो, खडखडीत बराही होतो. आणि घरात ठणठणाट किंवा खडखडाट असला की काहीच शिल्लक नसतं! खणखणाट मात्र रिकाम्या घरात होत नाही, तो पैशांचा होतो.

"ठोका ऐकू नका, त्याच्या मागचं ऐका," मिस्त्री म्हणाले. तिथून कान उघडले. आदळल्याचा आवाज सगळ्याच विटांचा होतो. नीट भाजलेल्या विटेत त्याच्या पाठोपाठ धातूसारखा बारीक नाद उठतो आणि क्षणभर टिकतो. भट्टीत माती एकजीव झालेली असते, म्हणून कंप आरपार जातो. आत चीर असली किंवा गाभा कच्चा राहिला असला की तो तिथेच विरतो. तीच बद्द वीट.

तरीही नुसत्या कानावर भागत नाही. पावसात भिजलेली चांगली वीटही बद्द वाजते. उलट जास्त भाजून काळपट, वेडीवाकडी झालेली खंगर वीट छान खणखणते, पण भिंतीत ओळंब्याला बसत नाही. म्हणून वीट कोरडी हवी, आणि कानाबरोबर डोळाही हवा.

पूर्वी रुपयाही असाच वाजवून घेत. 1940 पर्यंत त्यात जवळजवळ 92 टक्के चांदी असे, मग ती निम्म्यावर आली आणि 1947 पासून रुपया निकेलचा झाला. भरवशाच्या माणसाला आपण आजही खणखणीत नाणं म्हणतो, त्यामागे हीच पारख आहे. वरच्या रंगावर न जाता आत तडा नाही ना, एवढंच ती बघते. मला ही पारख फार मोलाची वाटते.

घर बांधत असाल तर गाडी रिकामी होण्याआधी मधल्या थरातल्या दोन कोरड्या विटा काढून स्वतः वाजवून बघा. बद्द वाजल्या तर आणखी चार काढा, आणि त्याही तशाच निघाल्या तर गाडी परत पाठवा.