वयाचा पुरावा

परभणीच्या आमच्या घरी देवघराच्या कोनाड्यात एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तीत हळदकुंकवाची बोटे लागलेली माझी जन्मपत्रिका गुंडाळून ठेविलेली असते. तिच्याप्रमाणे माझा जन्म मार्गशीर्षातला. परंतु सेलूस शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिली, आणि पुढे नोकरी, निवृत्तिवेतन, आधारपत्र या सर्वांत तीच कायम झाली. माझ्या पिढीतील कितीतरी मंडळी अशीच १ जूनला जन्मलेली आहेत! त्यामुळे गेल्या महिन्यात तेरा वर्षांच्या नातीवर रागावताना माझा आवाज थोडा खालच्याच पट्टीत लागला.

तिने फोनवर चित्रांचे व गप्पांचे एक खाते उघडले होते. आणि वय विचारिले तेव्हा माझी ती १ जूनची तारीख बिनदिक्कत घातली होती. यंत्राने काही शंका घेतली नाही. पुढे कोणा अनोळखी गृहस्थाने प्रथम तिच्या चित्रांची स्तुती केली, मग शाळेचे नाव विचारिले, आणि शेवटी तिचे छायाचित्र मागितले.

"आजोबा, फोटो नाही पाठवला, पण शाळेचं नाव सांगून बसले," असे ती म्हणाली, तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले. खाते बंद केले, शाळेतील बाईंस कळविले. प्रत्येकाचे वय कागदावरून काटेकोर तपासूनच आत घ्यावे, असे त्या रात्री मला मनापासून वाटले.

सकाळी मात्र दुसरी बाजू दिसू लागली. मूल कोण हे ओळखावयाचे तर जो मूल नाही त्यासही आपले वय सिद्ध करावे लागणार. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस अशी खाती बंद केली. तेथे चेहऱ्यावरूनही वय अजमावितात. आपल्याकडील २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. या कलमाचा अंमल मात्र त्यानंतर दीड वर्षाने व्हावयाचा आहे. संमती देणारा खरोखर प्रौढ आहे, याचाही पुरावा हवा, हे ओघानेच आले.

यत्नाने गुप्त राखावयाच्या ज्या नऊ गोष्टी आपल्या सुभाषितकाराने सांगितल्या, त्यांत वयास पहिले स्थान आहे. २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, तेही नऊच होते. हा आपला एक योगायोग. द्वारपालास 'अठरा पूर्ण' एवढे कळले म्हणजे पुरे. जन्मतिथी, पत्ता व मुखचंद्रमा त्याच्या वहीत कशास? नियमांत कागदाऐवजी सांकेतिक खुणेची सोय ठेविली आहे, ही गोष्ट मला पसंत आहे. परंतु संमतीचा गुप्त आकडा येणार माझ्या फोनवर, आणि दुपारी मी वामकुक्षी करीत असता तो फोन असतो नातीच्या हाती! यावर कोणत्या कायद्याने काय करावे?

परवा तीच जवळ येऊन म्हणाली, "आजोबा, तुमची खरी तारीख कोणती हो?"

मी पेटी उघडून पत्रिका तिच्यापुढे ठेविली. तिने ती वाचली आणि पुन्हा गुंडाळून ठेविली. फोन बाहेरच्या खोलीत होता.